सर्व्हरची अब्रू

कचेरीतला सर्व्हर रोज भरदुपारी मान टाकायचा. तो सांभाळणाऱ्या मुलीची ताई नुकतीच बाळंत झाली होती आणि भाचीचं तोंड बघायला या मावशीचा जीव नुसता वर-खाली होत होता. पण साहेबांचं एकच पालुपद, "आधी दुरुस्ती, मग रजा!"

सॉफ्टवेअर कंपनीने लॉग मागवला. लॉग म्हणजे सर्व्हरने स्वतःच लिहून ठेवलेली आपली हकिगत: काय काय केलं, कुठे अडलं, कशाने कोसळलो. मुलीने ती फाइल काढली आणि पाठवण्याआधी रीतीप्रमाणे साहेबांना दाखवली.

साहेबांनी चष्मा सावरला. "अगं, हे जिथे तिथे 'एरर, एरर' काय लिहिलंय? बाहेरची माणसं वाचणार हे!"

"सर, त्यांनी वाचावं म्हणूनच पाठवतोय ना."

"म्हणून काय घरातल्या भानगडी चव्हाट्यावर मांडायच्या? सरक, मला बसू दे."

मग साहेबांनी तांदळातले खडे वेचावेत तशा त्या सगळ्या ओळी वेचून काढल्या आणि फाइल स्वतःच्या हाताने पाठवून दिली. मुलीने मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी कंपनीचं उत्तर आलं.

"लॉग बारकाईने तपासला. इतका निरोगी सर्व्हर आम्ही आजवर पाहिला नव्हता. अभिनंदन! तुमची तक्रार बंद करत आहोत."