उन्हात टाकायची उशी

"दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घातल्यावर मान धरणारच!" ऋजुताच्या पलंगावर लोळत आतोबा म्हणाले.

ते आल्यापासून ती सोफ्याच्या लाकडी हातावर डोकं टेकवून झोपत होती. आज मान वळेना, आणि उद्या खो-खोच्या संघाची निवड! पण घरच्या जावयाला बोलणार कोण?

मिठाच्या गरम पुरचुंडीनं शेकत आई पुटपुटली, "हिसके देऊ नकोस, हळूहळू वळव. आणि आपली उशी उन्हात टाकली की मान सुटते म्हणतात."

आपली उशी! ऋजुताच्या मस्तकात तिडीकच गेली. तिनं तरातरा जाऊन आतोबांच्या डोक्याखालची उशी खसकन ओढली.

"अगं ए! काय हे?"

"माझी उशी उन्हात टाकतेय," ती म्हणाली. "आणि रात्री मीच घेऊन झोपणार आहे. तेही माझ्याच पलंगावर."