नागपूरची अर्धी गाडी

"अख्खी गाडी घ्या मॅडम. तुमचा वास, तुमची गाडी, कुणाची कटकट नाही," धनराज म्हणाला.

नाशिकच्या आडगाव नाक्यावरच्या त्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात सुवर्णा तिसऱ्यांदा आली होती. इंदिरानगरात घरामागच्या शेडमध्ये ती मिसळ मसाला बनवायची. तो नागपूरच्या एका दुकानदाराला आवडला होता आणि त्याने बारा पोती मागवली होती. पण बारा पोत्यांसाठी अख्खा ट्रक करणं म्हणजे एका पाहुण्याच्या जेवणाला मंगल कार्यालय घेण्यासारखं होतं. सगळा नफा भाड्यातच गेला असता.

पार्ट लोडमध्ये दुसऱ्याच्या मालासोबत पोती पाठवायची, तर सोबत मिळेना. कापडवाल्याने पोत्याचा वास घेतला आणि लांबूनच नमस्कार केला. अगरबत्तीवाला म्हणाला, "आमच्या मालाला वास लागेल." हे तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

सुवर्णाने नवऱ्याला विचारून पाहिलं. तो बँकेत होता. त्याला दोन्ही बाजूंचे मुद्दे उत्तम मांडता येत. निर्णय तेवढा येत नसे.

शेवटी धनराजनेच जोडीदार शोधला. सुरगाण्याचे पुंजा गावित, नागलीची, म्हणजे नाचणीची, बिस्किटं बनवणारे. ते पहिल्यांदाच नागपूरला माल पाठवत होते, त्यामुळे नाही म्हणायची सवय अजून लागली नव्हती. त्यांच्या दुकानदाराला प्लास्टिक चालत नसल्याने बिस्किटं साध्या कागदी पुड्यांत होती. सुवर्णाने ते पुडे पाहिले, आपली पोती पाहिली, आणि गप्प बसली.

गाडी गेली.

दहा दिवसांनी धनराजचा फोन आला. "मॅडम, उद्या अकराला या. गावित येतायत. त्यांच्या बिस्किटांना तुमच्या मसाल्याचा वास लागला. वास कसला, चवच लागली."

"चिडलेत का हो?"

"माणूस सुरगाण्याहून जीपमध्ये लटकून येतोय मॅडम. चहा प्यायला येईल का?"

सुवर्णाने फोन ठेवला आणि खुर्चीवर बसली. ही गोष्ट नाक्यावर पसरली, तर नाशकातला एकही ट्रान्सपोर्टवाला तिची पोती पार्ट लोडमध्ये घेणार नव्हता. अख्खी गाडी परवडत नव्हती. म्हणजे नागपूर संपलं.

दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा गावित आधीच येऊन बसले होते. पन्नाशीचे, टोपी मांडीवर, हातात शाळेची वही. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"ताई, तुमची पोती माझ्या खोक्यांच्या वर व्हती का बाजूला?"

"वर," सुवर्णा म्हणाली. "थोडी बाजूलाही."

"थोडी म्हंजे किती? नीट सांगा. लय महत्त्वाचं हाय."

"नऊ वर, तीन बाजूला."

त्यांनी लिहून घेतलं.

"मसाला कुटून किती दिस झाले व्हते?"

"तीनच."

तेही लिहिलं. मग ते धनराजकडे वळले. "गाडी वाटंत उभी व्हती का?"

"एक दिवस. ॲक्सल गेला होता," धनराज घाईने म्हणाला. "उन्हात होती, ताडपत्री बांधलेली. पण उशिराला आम्ही जबाबदार नाही, बिल्टीच्या पावतीमागे छापलंय."

"ताडपत्री घट्ट व्हती?"

"एकदम घट्ट."

गावितांनी 'घट्ट'खाली दोन रेघा ओढल्या. एवढी पक्की तक्रार सुवर्णाने आयुष्यात पाहिली नव्हती. तिला राहवेना.

"भाऊ, चूक माझीच. कागदी पुडे मला दिसले होते, तरी मी बोलले नाही. तुमचं नुकसान मी भरून देते. आणि यापुढे कर्ज काढीन, पण अख्खी गाडी करीन. तुमच्या मालाजवळ माझं पोतं फिरकणार नाही."

गावितांचा चेहरा आता मात्र पडला.

"असं नका करू ताई," ते कळवळून म्हणाले. "ती बिस्किटं दोन दिसांत संपली. नागपूरवाला तशीच तिप्पट मागतोय. तुमचाच मसाला इकत आणून मी पिठात मळून पाह्यला, वरून भुरभुरून पाह्यला. ती चव काय येत नाय. अख्खी गाडी मी करतो, भाडं माझं. तुम्ही फकस्त पोती वर ठेवा. आन् धनराजशेठ, गाडी एक दिवस उन्हात उभी ठेवायचं वेगळं काय घ्याल?"