आप्पांचा चेहरा

पंख्याच्या वाऱ्यानं निळा पडदा हलला, तेव्हा कुठे तो हेमांगीला भिंतीपासून वेगळा दिसला. ती जन्मापासून आंधळी होती. चाळिशीत तिला यंत्राचे डोळे बसवले होते आणि ते तान्ह्या बाळासारखे शिकत होते. जे एकत्र हलेल ती एक वस्तू, एवढंच त्यांना सध्या कळत होतं.

दवाखान्यातून ती थेट माहेरी आली होती, वडिलांना बघायला. पण अपघातानंतर आप्पांचं मानेखालचं शरीर हलत नव्हतं, आणि बोलणंही त्यांनी जवळजवळ सोडलं होतं. समोर नुसते रंगांचे डाग होते. त्यांत उशी कुठली आणि आप्पा कुठले, तिला काही कळेना.

"आप्पा, बोला ना काहीतरी."

 

शेवटी तिनं त्यांची चाकांची खाट धरून हलवली. खाट, उशी, आप्पा, सगळ्यांचं मिळून एकच गाठोडं सरकलं. तिनं आणखी जोरात धक्का दिला.

"अगं, हळू," आप्पा म्हणाले. "बापाला बघायला आलीस की पाडायला?"

आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. हनुवटी हलली, गाल वर चढले, आणि त्या गाठोड्यातून एक चेहरा सुटा होऊन तिच्यासमोर आला.

"दिसलो का?" त्यांनी हळूच विचारलं.

"दिसलात," हेमांगी म्हणाली. "आता थांबू नका."

त्या दिवशी आप्पा दिवेलागणीपर्यंत बोलत राहिले.