निळ्या मफलरचा घड्याळजी

"मावशी, लवकर या! ते आलेत!"

मावशी मटार सोलत बसल्या होत्या. "ते म्हणजे कोण?"

"अहो, तुमचे घड्याळजी! दारात उभे आहेत!"

"काहीतरीच काय? शक्य नाही," मावशी म्हणाल्या. हातातली शेंग मात्र तशीच राहिली.

ओरडणारी होती वरच्या खोलीतली भाडेकरीण. ती लेखिका होती. पहिलं वर्षभर दोघींचं बोलणं नळाला पाणी आलं का, एवढ्यापुरतंच. मावशींचं लग्न झालं नव्हतं. सारी नोकरी एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. भाऊ-भावजय गेल्यावर घरात बोलायला भिंतीच उरल्या. मावशी स्वतःलाच प्रश्न विचारत आणि उत्तरही स्वतःच देत. भांडण नाही की तंटा नाही. पण अशा शांततेचा कंटाळा येतो, आणि मावशींना तो फार आला होता.

मग एकदा माळा आवरताना लेखिकेला जुनी डायरी सापडली. पानोपानी तारखा छापलेल्या, आत टपोरं अक्षर. छापखान्याच्या खिडकीशी बसून काम करणारी एक मुलगी, समोरच्या दुकानातला निळ्या मफलरचा घड्याळजी, आणि "वसंतात परत येतो" हा त्याचा शब्द. तो परत आलाच नव्हता. लेखिका रडून लाल झालेल्या डोळ्यांनी खाली आली.

"मावशी, हे अक्षर तुमचं?"

"अक्षर माझंच आहे. अगं, पण ही डायरी..."

लेखिकेनं त्यांना घट्ट मिठी मारली. कुणी मिठी मारून इतकी वर्षं झाली होती की आपले हात कुठं ठेवायचे तेच मावशींना समजेना. पुढचं बोलणं राहून गेलं.

त्या दिवसापासून लेखिका रोज संध्याकाळी चहाला खाली येऊ लागली. तिला कादंबरी लिहायची होती, एक धागा तेव्हाचा, एक आजचा. प्रश्नांना तोटा नव्हता.

"ही डायरी त्यांनी दिली होती?"

"नाही गं. वर्ष संपलं की न खपलेल्या डायऱ्या छापखान्यात आम्हालाच वाटायचे. कच्च्या कागदाला."

"आणि इथं 'शिंपी' खोडून 'घड्याळजी' का केलंय? तेही लाल शाईनं?"

"धंद्याची खोड. खोडल्याशिवाय हाताला चैन पडायचं नाही."

"लोकांना कळू नये म्हणून! मला नका शिकवू." लेखिकेनं डोळे मिचकावले. "बरं, त्यांचा आवाज कसा होता?"

मावशी विचारात पडल्या. "ते लिहायचं राहिलंच बघ."

कादंबरी निघाली. मुखपृष्ठावर छापलं होतं, 'एका खऱ्या डायरीवरून'. ते वाचून मावशींनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही ओळ काढता नाही का येणार?"

"का? लाज वाटते?"

"तसंच समज."

पुस्तक हातोहात खपलं. वर्तमानपत्रात मावशींचा फोटोही आला, खिडकीशी बसलेला. सगळं खरं, पण लेखिकेला आता दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली होती. महिनाअखेरीस ती खोली सोडणार होती. ते ऐकल्यापासून मावशींना घास गोड लागत नव्हता. संध्याकाळी दोन कप काढायची सवय मोडायची कशी, याचीच त्यांना धास्ती होती.

आणि आज दारात हा माणूस.

मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. म्हातारा अंग चोरून उभा होता. मफलर निळाच होता, कोरा, घडीच्या रेघा अजून न मोडलेला. सदऱ्याच्या बाहीचं बटण तुटलेलं होतं. तिथं टाचणी लावली होती.

"मला उशीर झाला," तो म्हणाला. "तुम्ही खिडकीशी बसायचात. मी समोरून बघायचो. वसंतात येतो म्हणालो होतो."

तो पाठ केलेली कविता म्हणावी तसं बोलत होता. लेखिकेच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"मावशी, ओळखलंत ना?"

म्हाताऱ्यानं मान खाली घातली.

"नसेल ओळखलं तर जातो मी," तो हळूच म्हणाला. "घरी तरी कोण वाट बघतंय?"

मावशी त्या टाचणीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दार पूर्ण उघडलं.

"फार उशीर केलात. आत या. बटण लावून देते."

लेखिका हुंदके देत चहा टाकायला पळाली. म्हातारा खुर्चीच्या कडेवर टेकला आणि घर किती छान आहे, असं काहीतरी पुटपुटला. आवाज जरासा घोगरा होता. मावशींनी तो नीट ऐकून घेतला.

मग त्यांनी सुईत दोरा ओवला. छापखान्याच्या खिडकीसमोर घड्याळजीचं दुकान कधीच नव्हतं. तिथं नुसती भिंत होती, आणि त्या भिंतीकडे बघत एकटीनं डबा खाताना मावशींनी फुकटच्या डायरीत आपली एकुलती एक कादंबरी लिहिली होती.