डाव्या हाताचे मत

'श्री. गुणवंत पेडणेकर यांनी, तळमजल्यावरील जेवणाचे डबे बंद करण्याच्या ठरावाविरुद्ध, हेतुपुरस्सर दोन्ही हात वर करून दोन मते दिली,' अशी नोटीस २००६ साली भाईंदर पश्चिमेतल्या एका सोसायटीच्या फलकावर लागली. त्या वाक्यातले हात तरी खरे होते.

'हेतुपुरस्सर' हा शब्द अध्यक्ष सुभाषरावांच्या पदरचा. मतेही त्यांनीच मोजली होती. सभा पार्किंगमध्ये भरे. खांबांआड माणसे दिसत नसत, म्हणून अध्यक्ष खुर्चीवर चढून नुसते हात मोजत. माणसाला हात दोन असतात, ही बाब आजवर कोणाला महत्त्वाची वाटली नव्हती.

यंदा सभासदांपेक्षा एक मत जास्त भरले. ते वजा करूनही ठराव एका मताने पडत होता. पण लबाडी सिद्ध झाली, तर गुणवंतकाकांचे मूळ मतही बाद. मग बरोबरी, अध्यक्षांचे निर्णायक मत, आणि डबे करून पोट भरणाऱ्या सुगंधाताई परत रत्नागिरीला.

फेरसभेत काकांवर उपचार करणाऱ्या डॉ. मृणालिनी उभ्या राहिल्या. मानेच्या दुखण्यात काकांच्या डाव्या हाताच्या संवेदनेच्या नसा निकामी झाल्या होत्या. उजवा हलला की डावा त्याची नक्कल करी. न पाहता काकांना ते कळतही नसे.

"डोळे मिटा, काका. उजव्या हाताने पीठ मळल्यासारखं करा."

काका हवेत पीठ मळू लागले.

"डावा काय करतोय?"

"काय करणार? गप्प पडलाय."

"काका, त्याची कणीक तुमच्या आधी होतेय!" मागून शेजारची ममता ओरडली. सभा हसली.

सुभाषराव हसले नाहीत. "उद्या यांनी मला थोबाडीत मारली, तरी नसच जबाबदार का?"

"उजव्या हाताने मारली तर काका," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "डाव्याने मारली तर नस."

आरोप मागे घेतला गेला. सुगंधाताईंनी पदराने डोळे पुसले. सुभाषरावांनी खुर्ची उचलता उचलता, आता निव्वळ कुतूहलाने, विचारले, "पण काका, इतक्या सभा झाल्या. हा हात आधी कधी वर कसा आला नाही?"

काकांचे उत्तर जसेच्या तसे असे: "एरवी मी तो मांडीखाली दाबून बसतो हो. त्या दिवशी आपल्या बाजूचे हात कमी दिसले, म्हणून मांडी उचलली."