दहा अंश जास्त

डॉक्टरांनी कागदावर ऐंशी अंश लिहिले होते. ऑपरेशननंतरचा व्यायाम करून घेताना तिने ठेकेदाराचा गुडघा नव्वदपर्यंत वाकवला आणि तिथेच दाबून धरला.

ठेकेदाराने पलंगाची कड घट्ट पकडली. कपाळावर घाम फुटला, डोळ्यांत पाणी तरारलं, पण तोंडातून हूं की चूं नाही. तिला त्याचाही राग आला. ओरडला असता तर निदान जिवाला थंडावा मिळाला असता. आणखी थोडा वेळ धरून मगच तिने पाय सोडला.

अकरा दिवस हे असंच चाललं होतं. ठेकेदाराने तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार तरी कसा? खटला चालू होता तेव्हा ती कोर्टात मागच्या बाकावर बसायची, आणि ह्याने एकदाही मान वळवून पाहिलं नव्हतं. ह्याची कुजकी परांची मोडली आणि तिचा रंगारी नवरा पाचव्या मजल्यावरून पडून गेला. साक्षीदार एकेक करून फिरले, हा सहीसलामत सुटला. आता गुडघ्याचं ऑपरेशन करून तोच आयता तिच्या हाताखाली व्यायामाला आला होता. रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेत अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली की ती ओठ मिटून घ्यायची.

आज ठेकेदाराची बायको भेटायला आली होती. नवऱ्याचा पाय इतका वाकलेला बघून तिला भरून आलं. शेजारच्या पलंगावरचे गृहस्थ महिना झाला तरी काठी सोडत नाहीत आणि आमच्या ह्यांचा पाय बघा, असं म्हणत बायकोने तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरले.

"मी देवाच्या वाटेला कधी गेलो नाही," ठेकेदार म्हणाला. "पण तुमच्या हातात देव आहे, ताई."

हे मात्र तिला सोसवेना. शिवी दिली असती तर तिने गिळली असती. तिने हात सोडवून घेतले.

"माझ्या हातात देव नाही. मी रोज मुद्दाम दहा अंश जास्त वाकवत होते, तुम्हाला दुखावं म्हणून. गुडघा बरा होतोय, त्यात माझं काही नाही."

मग तिने आपल्या नवऱ्याचं नाव सांगितलं.

ठेकेदाराचा चेहरा उतरला. आता हा मोठ्या डॉक्टरांना बोलावणार आणि आपली नोकरी जाणार, हे तिने गृहीतच धरलं. पण तो तिच्या गळ्यातल्या क्रुसाकडे बघत राहिला. त्याने खालच्या आवाजात विचारलं, "तुमच्या ह्या येशूकडे माझ्यासारख्याला माफी असते?"

'नाही' हा शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला होता. तेवढा उच्चारला की फिटंफाट. हा माणूस जन्मभर दाराबाहेर उभा राहिला असता.

"असते," ती म्हणाली. "त्याच्याकडे मागा."

"आणि तुमच्याकडे?"

तिने त्याचा पाय उचलून उशीवर ठेवला.

"माझ्याकडे अजून नाही. म्हणून तर त्याचं नाव सांगतेय."