बोटभर उंची

“मग ही पँट काय आटली?” मास्तरांनी विचारलं, आणि ते खुर्चीतून उठून डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर पाय जोडून उभे राहिले. पँटीखाली बोटभर मोजे दिसत होते. “कपाटातल्या सगळ्या पँटी आखूड झाल्यात. हातच्या काकणाला आरसा कशाला?”

शेजारच्या खुर्चीत बसलेली त्यांची बायको मोज्यांकडे बघत नव्हती. ती खिडकीकडे बघत होती, आणि खिडकीवर तर पडदा ओढलेला होता.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. “हे गुडघ्याजवळचं हाड. लहानपणी या टोकाशी मऊ हाडाची एक पट्टी असते, तिथून ते लांब होत जातं. विशीच्या आसपास ती पट्टी भरून येते. तुमची केव्हाच भरली. आता चाळिशीला आलात. इंजेक्शनं घ्या नाहीतर अमृत प्या, उंची वाढायची नाही. वाढलीय ती रक्तातली साखर.”

“आणि ही अंगठी? निघत नाही बोटातून. हाडं वाढत असल्याशिवाय का?”

“सूज आहे ती. त्या इंजेक्शनांचीच. बाहेर आत्ता तुमची उंची मोजली ना? जुन्या कागदावर होती तेवढीच आहे.”

“उंची काय, सकाळी एक नि संध्याकाळी एक. वाचलंय मी.” वर्गात गणित सोडवून दाखवावं तसे मास्तर बोलत होते. “भिंतीवरची खूण खोटं बोलेल बाई, कापड कशाला बोलेल?”

कापड खोटंच बोलत होतं. बायकोनेच त्याला शिकवलं होतं. शिंप्याच्या दुकानात पँटी आखूड-लांब करून देणं हेच तिचं काम. तिचा टाका उलटून पाहिला तरी दिसायचा नाही, आणि मास्तर काही उलटून पाहणाऱ्यातले नव्हते.

मास्तरांचा हात फळ्याच्या वरच्या भागाला पोचत नसे. पाठ वळली की पोरं त्यांना ‘सहा इंची’ म्हणत. दाराच्या चौकटीत दांडा बसवून मास्तर रोज त्याला लोंबकळायचे. एका संध्याकाळी दांड्यावरून उतरले ते तिथेच फरशीवर बसले आणि म्हणाले, “माझ्यात आता काहीच वाढायचं नाही का गं?” तिला ते बघवलं नाही. त्यांची राखाडी पँट तिने आतून बोटभर दुमडली आणि शिवून ठेवली. सकाळी मास्तर आरशासमोरून ओरडले, “अगं, इकडे ये! बघ, बघ!”

माणूसच बदलला. खांदे वर आले, अंघोळ करताना गाणी सुरू झाली, एकदा तर त्यांनी हेडमास्तरांना उलट उत्तर दिलं. चार दिवस खूश राहतात तर कुणाचं काय जातंय, असं तिला वाटलं. एकच पँट आखूड कशी, असा संशय नको म्हणून मग तिने बाकीच्याही दुमडल्या. पण फळ दिसल्यावर माणूस झाडाला जास्तच पाणी घालणार, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. नुसतं लोंबकळून बोटभर, तर औषधाने वीतभर, असा मास्तरांनी हिशेब मांडला. व्यायामशाळेतल्या कुणा पैलवानाने इंजेक्शनं आणून दिली. “नका हो टोचून घेऊ,” ती म्हणाली होती. मास्तरांनी हसून पँटीकडे बोट दाखवलं होतं.

“आजपासून बंद करा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नाहीतर जन्मभर मधुमेहाच्या गोळ्या खात बसाल.”

“अजून दोनच महिने. गुण येतोय म्हटल्यावर औषध कोण सोडतं?” मास्तरांनी पिशवी उचलली. चेहऱ्यावर हसू होतं. “चल गं.”

ती उठली नाही.

“मी दुमडल्यात,” ती म्हणाली.

“काय?”

“पँटी. आतून दुमडल्यात मी. सगळ्या.”

डॉक्टरीणबाई एक्स-रे पाकिटात घालू लागल्या आणि बराच वेळ घालतच राहिल्या. मास्तर वाकले. त्यांनी पँटीची कड उलटली, आतल्या जाड घडीवरून अंगठा फिरवला. आता चिडतील, असं तिला वाटलं. चिडले असते तर तिला बरंही वाटलं असतं.

“पहिली कुठली?” त्यांनी विचारलं.

“राखाडी.”

“म्हणजे मी आरशासमोर तुला हाक मारली, तेव्हा—”

“हो.”

“करतो बंद,” ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले.

बाहेर रांगेत बसलेली माणसं पाय आवरून घेत होती. मास्तर पुढे, ती मागे. जिन्यापाशी ते थांबले, पण मागे वळले नाहीत.

“खरं सांग. एवढ्या दिवसांत मी तुला जरासुद्धा उंच वाटलो नाही?”

“वाटलात,” ती लगेच म्हणाली. आणि ते खरं होतं. पँट कुणी दुमडली ते ठाऊक असूनही, रस्त्याने येताना ते तिला लांबून दिसायचे, आधी कधी दिसत नसत तसे. “तुमच्या गळ्याची शपथ, वाटलात.”

गृहपाठ केलाय पण वही घरी विसरली, असं सांगणाऱ्या पोरापुढे मास्तर जशी मान हलवत, तशी त्यांनी हलवली.

“बरं,” ते म्हणाले, आणि जिना उतरू लागले.